त्रिंबकच्या खांद्यावरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि खुर्ची म्हटल्यावर तुमच्या मनात जे काही येतं ते आधी काढून टाका. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही, कुणी पक्ष बदललेला नाही. मला पाय चार आहेत, पण मी चालते आठ पायांवर. माझ्या दोन्ही हातांखाली दोन लांब वेळू बांधलेले आहेत आणि त्यांची चार टोकं चार माणसांच्या खांद्यांवर असतात. चार खांदे ऐकून भलतंच समजू नका. माझ्यावर बसलेला माणूस चांगला जिवंत असतो, ऊन लागतं म्हणून कुरकुर करतो आणि मध्येच फोटो काढायला थांबवतो. मी अजिंठ्याच्या लेण्यांतली डोली आहे. पायऱ्या नुसत्या बघूनच ज्यांचे गुडघे रजेवर जातात, त्यांना मी वर नेते. म्हणजे नेतात ती माणसं. मी फक्त बरोबर असते. पण लोक म्हणतात, "डोलीनं वर गेलो." काम एकाचं आणि नाव खुर्चीचं, ही रीत काही मी पाडलेली नाही.

माझा जन्म कन्नड गावचा. तिथं काकासाहेब नावाचे सुतार होते. त्यांनी मला सागाची केली, बसायला वेताची जाळी विणली, पाठीला थोडा बाक दिला आणि समाधानानं म्हणाले, "हिच्यावर बसणाऱ्याची पाठ जन्मात दुखायची नाही." बिचारे. त्यांना लाकडाचं सगळं कळत होतं.

माझी पहिली नेमणूक एका कचेरीत झाली. तिथं अकरा वर्षं माझ्यावर एक हेडक्लार्क बसत. मागच्या खिशात जाडजूड पाकीट, त्यामुळे ते कायम एका बाजूला कलंडलेले. सकाळी बसले की जेवायला उठायचे आणि जेवून आले की घरी जायला. पाच वर्षांत त्यांची कंबर धरली. मग उशी आली, पट्टा आला, सहीला शिपाई जवळ आला आणि शेवटी रजा आली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणसाच्या पाठीत एक कणा असतो आणि त्याला बसून राहणंही सोसत नाही. उचलणंही सोसत नाही, हे मला पुढं कळायचं होतं. एवढं मात्र सांगते, कंबर दोघांचीही दुखते, पण रजा बसणाऱ्याला मिळते.

माझी जाळी फाटली तेव्हा कचेरीनं मला लिलावात काढलं. फर्दापूरच्या दोन माणसांनी मला घेतलं आणि जीपच्या टपावर बांधून घरी नेलं. त्यातला एक होता त्रिंबक.

त्रिंबकचं घराणं मेंढ्या राखणारं. कळप वाटण्यांत संपला, तेव्हा तो डोलीच्या कामाला लागला. बरोबर त्याचा मेहुणा बद्रीनाथ, म्हणजे त्रिंबकच्या बायकोचा, सुगंधाबाईचा, थोरला भाऊ. तिसरा रामेश्वर, त्रिंबकचा चुलतभाऊ. आणि चौथा माऊली, बद्रीनाथचा मुलगा, आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणणारा, स्वतः दोन लेकरांचा बाप. पुढं उजवीकडं त्रिंबक, पुढं डावीकडं रामेश्वर, मागं उजवीकडं माऊली आणि मागं डावीकडं बद्रीनाथ. सोळा वर्षांत ह्या जागा कधी बदलल्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी चौघं ह्याच क्रमानं बसत.

आता जरा लक्ष द्या, कारण सगळी गोम इथं आहे. चौघांपैकी तिघं एका उंचीचे. त्रिंबक मात्र त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. चार बोटं म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटेल. टेबलाचा एक पाय चार बोटं लांब असला तर काय होतं, हे एकदा करून बघा. टेबल कलंडतं आणि भार त्या लांब पायावर येतो. डोलीचंही तेच. त्रिंबक ताठ चालला की माझा उजवा कोपरा वर, वजन त्याच्या खांद्यावर आणि गिऱ्हाईक माझ्या डाव्या हाताला चिकटलेलं.

त्रिंबकला ते चालत नसे. त्याचा एक मान होता. "गिऱ्हाइकाच्या हातातल्या गिलासातलं पाणी हललं नाय पायजे," असं तो म्हणे आणि खरंच हलू देत नसे. त्यासाठी तो वाकायचा. गुडघ्यात थोडा, कमरेत बराच, मान डावीकडं टाकून. म्हणजे ताठ चालावं तर वजन त्याच्यावर आणि वाकावं तर वाकणं त्याच्यावर. अशा अर्धवट वाकलेल्या स्थितीत तो सोळा वर्षं रोज पायऱ्या चढला आणि उतरला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं. रामेश्वर तर कौतुकानं सांगायचा, "आमचा दादा लई नम्र. खांद्यावर वझं असलं की आपोआप वाकतो."

मला कळत होतं. पण माझी दखल घ्यावी अशी मी कोण. लाकूड.

कौतुक मात्र माझं भरपूर झालं. परदेशी पाहुणे माझे फोटो काढत. नांदेडच्या एका बाईंनी वर पोचल्यावर माझ्या हाताला हळदीकुंकू लावलं आणि उचलणाऱ्या चौघांना बजावलं, "हिला नीट सांभाळा हो." ते सांभाळतही होते. वेळूला चीर गेली की नवा वेळू. दोरी झिजली की नवी दोरी. दसऱ्याला मला धुऊन पुसून तेल लावायचं आणि झेंडूची माळ घालायची. त्रिंबकच्या पाठीला सोळा वर्षांत तेल लागलं नाही. लागला तो बाम, आणि तोही चोरून. बामाचा वास यायला लागला की तो सांगायचा, "सर्दी झाली." वैशाखातसुद्धा.

पहिल्यांदा त्याला सकाळी वाकून चपलेचा पट्टा लावता येईना. मग तो भाकरी उभ्यानं खायला लागला. मग कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, पण मला वेळूतून समजायचं. त्याचा पाय थरथरला की ती थरथर वेळूतून माझ्या हातात यायची. सांगितलं का नाही? तर डोलीला चार माणसं लागतात. एक कमी झाला की उरलेले तिघं म्हणजे डोलीवाले नव्हेत, नुसती तीन बसलेली माणसं. तीन घरांचा चुलीवरचा तवा आपल्या एका पायावर आहे, हे त्रिंबकला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पायाला गप्प बसवत होता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी माझ्यावर मनकर्णाबाई बसल्या. जालन्याच्या, पंच्याहत्तरीच्या, अंगानं चिपाडासारख्या. त्यांचं वजन इतकं कमी की माऊली गमतीनं म्हणाला, "आजी, बसल्या का अजून यायच्या हायेत?" गेल्याच आठवड्यात आम्ही क्विंटलभराचे एक व्यापारी वर नेऊन आणले होते, तेव्हा काही झालं नव्हतं. आणि ह्या चिपाडाला नेताना, वरच्या वळणाच्या अलीकडं, त्रिंबकचा पाय अचानक मुडपला. मी उजवीकडं झुकले. आजींनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. बद्रीनाथनं मागून जोर लावला आणि आम्ही सावरलो.

"काय झालं रं?" आजींनी विचारलं.

"वानर आडवं आलं, आजी," त्रिंबक म्हणाला.

"कुठंय वानर?"

"गेलं."

वानर एकच होतं. ते लांब झाडावर बसून आमच्याकडंच बघत होतं आणि आपलं नाव निघाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

आजींनी त्या झाडाकडं बघितलं. मग बसल्या बसल्या, जणू लेण्यांविषयीच बोलताहेत अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या मालकाच्याबी पायात असंच वानर शिरलं होतं. मोंढ्यात पोती उचलायचे. काय नाय, काय नाय म्हनत दोन वर्सं काढली. मंग एक दिवस पाय उचललाच नाय." त्रिंबकनं पाऊल पुढं टाकलं. पण वेळू पुन्हा थरथरला.

खाली उतरल्यावर मनकर्णाबाईंनी आधी साडी झटकली आणि मग विचारलं, "ह्या उंच मानसाची बायको हाय का हितं?"

होती. सुगंधाबाई बसथांब्याजवळ पेरूची टोपली घेऊन बसते. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण बोलणं संपल्यावर सुगंधाबाई उठली, त्रिंबकजवळ आली आणि म्हणाली, "सर्दी कशी हाय?"

"कसली सर्दी?"

"व्हय, तेच म्हनते मी."

सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे आजारपणंही सोमवारीच काढायची असा आमच्याकडं रिवाज आहे. त्या सोमवारी ती त्याला एसटीनं संभाजीनगरला घेऊन गेली. मंगळवारी सकाळी तिघं गडी वाट बघत होते. त्रिंबक आला आणि उभा राहिला. सुगंधाबाई आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"ऐका," ती म्हणाली. "मानसाच्या पाठीत मणके असत्यात, एकावर एक, माळेवानी. दोन मणक्यांच्या मधी एकेक मऊ गादी असती. वझं उचलून, वाकून, ह्यांची खालची गादी बाहेर सरकली, अन पायाच्या शिरेवर जाऊन बसली. म्हनून मुंग्या. डॉक्टरीनबाईनं फोटोत बोट ठेवून दाखवलं मला."

"एका दिवसात सरकली?" माऊलीनं विचारलं.

"एका दिवसात कशाला सरकंल? रोज जरा जरा. सहा हप्ते वझं बंद म्हनल्यात त्या. अन पाय बधिर पडला, का लघवीचं भान गेलं, तर घरी शेकत बसू नका, तसंच उचलून आना म्हनल्यात."

रामेश्वरनं डोकं खाजवलं. "पर वहिनी, आम्हीबी तेच वझं उचलतो. आमच्या गाद्या तर जाग्यावर हायेत."

"गाडीत बसल्या बसल्या मी तोच इचार करत होते, भाऊजी," सुगंधाबाई उठत म्हणाली. "उचला बरं हिला. रिकामीच."

तिनं पितळीत काठोकाठ पाणी भरलं आणि माझ्या जाळीवर ठेवलं. चौघांनी मला सवयीनं खांद्यावर घेतलं. पाणी जागचं हललं नाही. बद्रीनाथ खुशीत म्हणाला, "बघ. थेंब नाय सांडला."

"आता, कारभारी," सुगंधाबाई त्रिंबकला म्हणाली, "तुम्ही ताठ उभं ऱ्हावा. डॉक्टरीनबाईसमोर उभं ऱ्हायले होते तसं."

त्रिंबक ताठ झाला. हळूहळू, दार उघडावं तसा. माझा पुढचा उजवा कोपरा वर गेला, पितळी घसरली आणि सगळं पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यातून थेट बद्रीनाथच्या सदऱ्यावर गेलं.

बद्रीनाथनं निथळत विचारलं, "माझ्याकडंच काहून आलं?"

"तू खाली हायेस म्हनून, दादा."

"मी मागं हाय."

"मागं नाय. खाली."

"मंग बुटका म्हन ना सरळ."

"मी कुठं म्हनलं? पान्यानं म्हनलं."

रामेश्वरनं त्रिंबकच्या खांद्याकडं बघितलं, मग आपल्या. मग माऊलीनं बघितलं. सोळा वर्षं जी गोष्ट नम्रता म्हणून सांगितली गेली होती ती काय होती, हे तिघांनाही एकदमच कळलं असावं, कारण तिघंही एकदम दुसरीकडं बघायला लागले.

सुगंधाबाईनं दोन दिवसांत जुन्या वाकळीच्या तीन जाड घड्या शिवून आणल्या. तिघांनी खांद्यावर त्या ठेवायच्या आणि वर वेळू घ्यायचा, म्हणजे चारही खांदे एका उंचीला येणार. मित्रांनो, एवढं सोपं औषध मी कुठं बघितलं नव्हतं. आणि ते न घेण्याची एवढी कारणंही. रामेश्वर म्हणाला, गरम होईल. माऊली म्हणाला, घसरंल. बद्रीनाथ तर उखडलाच. "सगळं फर्दापूर वळखतं मला. मी खांद्यावर गादी घेऊन हिंडू? नवरदेवाचा घोडा हाय का मी?" खरी अडचण कुणी बोललं नाही. पाठ मोडलेली चालते, पण चार बोटं कमी आहोत असं चारचौघांत दिसणं पुरुषमाणसाला फार जड जातं. घड्या माझ्या बैठकीखाली बांधून ठेवल्या गेल्या.

आणि त्रिंबक? त्याला सहा हप्ते सांगितले होते. तो तीन दिवस घरी राहिला. ते तीन दिवस डोली उभी होती, दुसऱ्या डोल्यांचे नंबर पुढं जात होते आणि तिघं जण चिंचोके मोजावेत तशी बसमधून उतरणारी माणसं मोजत होते. शुक्रवारी सकाळी त्रिंबक येऊन आपल्या जागी उभा राहिला. सदऱ्याच्या आत डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा करकचून बांधलेला. पट्टा त्याला आराम पडावा म्हणून दिला होता. त्यानं तो परवानगी मिळाली असं समजून बांधला होता.

"आता टेकू हाय," तो म्हणाला. "पट्ट्यानं सगळं धरून ठेवलंय."

सुगंधाबाईनं टोपलीजवळून हे बघितलं. तिनं एक पेरू कापला, तिखटमीठ लावलं, गिऱ्हाईक हात पुढं करून उभं होतं, आणि तिनं तो पेरू परत टोपलीत ठेवला.

त्या दिवशीचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे चितेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब. देह भारदस्त आणि स्वभाव त्याहून भिडस्त. दर दहा पायऱ्यांना विचारत, "मी फार जड होतोय का हो?" आणि बद्रीनाथ मागून धापा टाकत सांगे, "नाय साहेब, फुलावानी हाय तुम्ही."

निम्म्या पायऱ्या झाल्या. उजवीकडं कठडा, खाली दरी, दरीत वाघूर नदीचं पाणी. त्रिंबकची थरथर मला सुरुवातीपासून येत होती. मग एका पायरीवर ती एकदम थांबली.

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, पट्ट्याचा गुण आला. त्यानंतर त्यानं खाली मान घालून आपल्या डाव्या पावलाकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. सोळा वर्षं ह्या माणसानं पायरी कधी बघितली नव्हती. त्याला तळपायाला पायरी कळायची. आता पाय पायरीवर आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी बघावं लागत होतं. थरथर थांबली होती, कारण पायच गप्प झाला होता.

त्यानं एक पायरी तशीच बघून घेतली. मग दुसरी. साहेब विचारत होते, "जड होतोय का हो?"

तिसऱ्या पायरीपाशी त्रिंबक म्हणाला, "थांबा."

"टेकायची जागा वर हाय," रामेश्वर म्हणाला.

"थांबा. हितंच खाली ठेवा."

गिऱ्हाईक बसलेलं असताना, भर चढावर, डोली खाली ठेवणं हे आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखं समजतात. त्रिंबकनं ते सोळा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. खालून वर येणारे दुसरे डोलीवाले थांबून बघायला लागले. बद्रीनाथचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज तेवढा आला. "ठेवा रे," एवढंच म्हणाला. चौघांनी मला तिरपी, अगदी हळू टेकवली. साहेबांनी हातात धरलेल्या बाटलीतलं पाणी त्याही वेळी सांडलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

"माझा पाय मला कळंना," त्रिंबक म्हणाला. आणि पायरीवर बसला.

साहेब धडपडत उतरले. "मी म्हणतच होतो, मी जड आहे."

"तुमचं नाय साहेब हे," त्रिंबक म्हणाला. "सोळा वर्साचं हाय. तुमच्या वाट्याला निस्तं आलं."

बद्रीनाथ पुढं आला. त्यानं माझी पाठ झटकली आणि मेहुण्याला म्हणाला, "बस."

"कशात?"

"हिच्यात."

"उचलनारे डोलीत बसत नसत्यात."

"उचलनारा व्हता तवर नाय बसलास. आता बस. नायतर तुझ्या बायकोला खाली काय सांगू, वानर आडवं आलं म्हनून?"

खालून आलेल्या एका रिकाम्या डोलीतला एक गडी त्रिंबकच्या जागी उभा राहिला. साहेब कठडा धरून चालत निघाले आणि त्रिंबक माझ्यावर बसला. मित्रांनो, मला त्या माणसाचा खांदा सोळा वर्षं माहीत होता, त्याचं वजन मला त्या दिवशी कळलं. ते काहीच नव्हतं. इतकं ओझं वाहणारा माणूस स्वतः इतका हलका असतो, हे मला पटायला वेळ लागला. त्यानं माझे हात धरले नाहीत. हात कुठं ठेवायचे हे त्याला सुचत नसावं, म्हणून त्यानं ते मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे, ठेवले.

थोडं खाली गेल्यावर तो मागं वळून म्हणाला, "माऊली, मान सरळ धर."

"सरळच हाय, मामा."

"नाय. वरून दिसतं. तुझी डावीकडं जातीय. अन रामेश्वर, तुझ्या मानंमागं ही गाठ कधीपासून हाय?"

रामेश्वर चालता चालता म्हणाला, "लई दिस झाले."

"बोलला नायस."

"तू तरी कुठं बोललास?"

उरलेल्या पायऱ्या माऊली मान सरळ धरून उतरला. खाली सुगंधाबाई टोपली सोडून उभी होती. नवऱ्याला डोलीत बसून येताना बघून तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दादा, गाडी ठरवलीय. हितनंच थेट दवाखान्यात न्यायचं." त्रिंबक वर निघाला तेव्हाच तिनं ती ठरवून ठेवली होती.

वेळेत नेल्यामुळे बरं झालं, असं पुढं समजलं. ऑपरेशन झालं. पाय परत आला, डावा अंगठा तेवढा अजून बधिर आहे. पण खांद्यावर वेळू घ्यायचा नाही, हे कायमचं ठरलं. मला वाटलं, आता त्रिंबक इकडं फिरकणार नाही.

तो तीन महिन्यांनी आला, हातात एक उभा वेळू घेऊन. वेळूवर त्यानं बोटाबोटावर खुणा कोरल्या होत्या. डोलीवाल्यांचे नंबर लागतात त्या जागी तो वेळू त्यानं जमिनीत रोवला आणि सगळ्या डोल्यांच्या गड्यांना सांगितलं, "रांगंत या. चार सारख्या उंचीचे एका डोलीला. नसतील तर घडी घ्यायची. अन प्रत्येक टेकायच्या जागी खांदा बदलायचा." नातं, मान, पुढचा, मागचा, हे सगळं सोडून नुसत्या उंचीवर माणसं लावायची ही कल्पना कुणालाच आवडली नाही. पण भर चढावर डोली खाली ठेवणारा माणूस सांगत होता. त्याचा पाय कसा गेला हे सगळ्यांनी बघितलं होतं.

मग चाळीस-पन्नास वर्षांचे मिशीवाले गडी शाळेतल्या पोरांसारखे एकेक करून त्या वेळूला पाठ लावून उभे राहिले. अर्ध्यांनी टाचा उचलल्या. त्रिंबक शांतपणे सांगत होता, "टाचा खाली, पाव्हनं. पगडी काढा. छाती फुगवल्यानं उंची वाढत नाय." बद्रीनाथनं वाकळीची घडी आता खांद्यावर घेतली आहे. विचारलं तर सांगतो, खांदा सुजलाय म्हणून घेतली. ती सूज अजून उतरलेली नाही, आणि उतरू नये अशी माझी इच्छा आहे.

सगळ्यांचं मोजून झाल्यावर रामेश्वर म्हणाला, "दादा, तुझं राहिलं."

"मला आता कशाला?"

"उभा तर ऱ्हा."

त्रिंबक वेळूला पाठ लावून उभा राहिला. तीन महिने तो भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायला शिकत होता, डॉक्टरीणबाईंनी लावून दिलेला व्यायाम. रामेश्वरनं डोक्यावर हात आडवा धरला आणि खुणेवर बोट ठेवलं. सगळ्यांच्या अंदाजापेक्षा खूण दोन बोटं वर निघाली. रामेश्वरला वाटलं आपली चूक झाली. त्यानं पुन्हा मोजलं.

सुगंधाबाई पेरूच्या टोपलीमागून बघत होती. ती म्हणाली, "बराबर हाय. लग्नात एवढेच होते."

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे. माझी जाळी दोनदा बदलली, वेळू पाच वेळा, आणि माझ्या उजव्या हाताखाली आता दुसराच खांदा आहे. माझी एवढीच विनवणी आहे. लाकूड मोडलं तर सुतार नवं बसवतो. पाठीचा कणा सुताराकडं मिळत नाही. तुम्ही पाठीवर जे काही वाहत असाल ते दोन्ही खांद्यांवर सारखं घ्या, आणि ते सोसवेना तर लाज न धरता, भर चढावर का होईना, खाली ठेवा. आणि कधी अजिंठ्याला आलात, गुडघे दुखत असले, तर माझ्यावर जरूर बसा, संकोच करू नका, त्या माणसांचं पोट त्यावर आहे. फक्त बसण्याआधी चारही खांदे एका रेषेत आहेत का ते एकदा बघा. नसतील तर सांगा, आणि ते सारखे होईपर्यंत थांबा. वरची लेणी दोन हजार वर्षं थांबलेली आहेत. आणखी पाच मिनिटं थांबतील.